‘किती देते?’ : आपल्या मोठ्या गाड्यांची आणि मागच्या सीटची गोष्ट

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी सध्या रात्रीच्या जेवणाला एकच विषय असतो : मोठी गाडी कोणती घ्यायची? बाबा म्हणतात डिझेल, दादा म्हणतो ऑटोमॅटिक, आईला मागच्या सीटवर एसी हवाय. आणि आजीचं मागणं एवढंच, की चढता-उतरताना गुडघा कुरकुरू नये. तुलनेचे व्हिडिओ बघून बघून मोबाईलची बॅटरी संपते, वाद काही संपत नाही.

या भागात आपण कुठल्याच गाडीला स्टार देणार नाही आहोत. हा वाद आपल्या घरात आला कुठून, ते बघणार आहोत. कारण ‘अ‍ॅव्हरेज की आराम’ हा प्रश्न शोरूममध्ये जन्मलेला नाही. त्यामागे पंचाहत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यात अरब देशांचं तेल आहे, दिल्लीतलं अर्थखातं आहे, पुणे-नाशिकचे कारखाने आहेत आणि आपल्याकडचं वडापसुद्धा आहे.

जीप : आराम नावाची गोष्टच नव्हती

सुरुवात मुंबईतून करू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत महिंद्रा कंपनीने माझगावला अमेरिकेतल्या विलीज जीपची जुळणी सुरू केली. महायुद्धासाठी बनलेली गाडी ती. वर कापडी टप, मागे समोरासमोर दोन बाकडी, आणि स्प्रिंग अशा की खड्डा आधी तुमच्या मणक्याला कळायचा, मग ड्रायव्हरला. इंजिन पेट्रोलचं.

ही जीप कोण वापरायचं? पोलीस, वनखातं, पाटबंधारे खातं, साखर कारखाने, मोठे बागायतदार. पेट्रोल बहुतेक वेळा सरकार किंवा संस्था भरायची. त्यामुळे ‘किती देते?’ हा प्रश्न विचारायची फारशी गरजच नव्हती. गाडी शेतापर्यंत पोचली म्हणजे झालं.

मग आलं १९७३. ऑक्टोबरमध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी तेलाची कोंडी केली, आणि पिंपाला साधारण ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या आसपास गेला. पेट्रोल पिणारी जड गाडी अचानक डोईजड झाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचं तंत्रज्ञान घेतलं. आपल्या मोठ्या गाडीचं आणि डिझेलचं लग्न ठरलं ते या काळात. पुढे पस्तीसेक वर्षं ते टिकलं.

डिझेल स्वस्त होतं, पण कुणासाठी?

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. डिझेल गाडी कमी इंधन पिते, याची दोन कारणं आहेत. एक, डिझेल इंजिनात हवा जास्त दाबली जाते, त्यामुळे इंधनातली जास्त ऊर्जा कामी येते. दोन, एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही थोडी जास्त असते. हे झालं विज्ञान.

तिसरं कारण मात्र सरकारी होतं. तेव्हा डिझेलचा भाव सरकार ठरवायचं आणि तो मुद्दाम खाली ठेवला जायचा. कारण डिझेलवर ट्रक चालतात, एसटी चालते, ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप चालतात. डिझेल महागलं की भाजी महागते. पेट्रोल मात्र ‘मोटारवाल्यांचं’ समजलं जायचं, त्यामुळे त्यावर कर लावताना कुणाचा हात थरथरत नसे.

म्हणजे बघा, स्वस्त डिझेल होतं शेतकऱ्यासाठी आणि एसटीसाठी. पण पंपावर नळी एकच! त्याच भावात मोठी खासगी गाडीही टाकी भरून घ्यायची. मोठ्या गाडीच्या ‘परवडण्या’मागे बरीच वर्षं हा हिशेब लपलेला होता.

वडाप, ट्रॅक्स आणि सुमो

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुण्याच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्स आणली. जर्मन मर्सिडीजच्या जुन्या डिझेल इंजिनाचा परवाना घेऊन बनवलेलं दणकट इंजिन, लांब पत्र्याची बॉडी, आणि मागे भरपूर जागा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे जीप-ट्रॅक्समधून माणसं भरून नेण्याच्या धंद्याला ‘वडाप’ म्हणतात. मराठवाड्यात, विदर्भात हीच गाडी ‘काळी-पिवळी’ झाली. कागदावर दहा-बारा माणसं. प्रत्यक्षात किती, ते विचारू नका. दारावर लोंबकळणारा क्लीनर त्या आकड्यात धरतच नसत.

मग १९९४ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्यात बनवलेली सुमो बाजारात आणली. जपानी पैलवानांशी या नावाचा संबंध नाही. कंपनीचे दिवंगत अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं म्हणजे सुमो. दोन लिटरचं, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन, ताकद साठ-पासष्ट अश्वशक्ती, आणि दहा जणांची सोय : पुढे तीन, मधे तीन, मागे आडव्या बाकड्यांवर चार.

आजच्या हिशेबाने ही ताकद म्हणजे थट्टाच. घाटात दहा माणसं आणि टपावर बॅगा घेऊन सुमो दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायची. पण तिने एक मोठं काम केलं. तोवर अशी गाडी म्हणजे खात्याची किंवा धंद्याची. सुमोने ती घरात आणली. आता एकत्र कुटुंब एकाच गाडीतून जेजुरीला, तुळजापूरला, गौरी-गणपतीला कोकणात जाऊ लागलं. लग्नात नवरदेवाची गाडी वेगळी आणि अर्धं वऱ्हाड सुमोत, हे चित्र गावोगाव दिसायला लागलं.

आणि इथेच ‘किती देते?’ हा प्रश्न घरात शिरला. आपल्याकडे मायलेजला ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो. कारण त्या काळातला हिशेब खरंच सरासरीचा होता. लिटरला दहा-अकरा किलोमीटर, भागिले दहा माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा डिझेलचा खर्च एसटीच्या तिकिटाशी ताडून बघितला जायचा. आरामाचं काय? दहा जण दाटीवाटीने, पाय आखडून बसायचे. आराम कमी करूनच अ‍ॅव्हरेज वाढायचं.

सीट समोर वळली

जानेवारी २००० मध्ये टोयोटा भारतात आली ती क्वालिस घेऊन. इंडोनेशियात १९७७ पासून ‘किजांग’ नावाची घरगुती गाडी चालत होती, तिच्याच एका पिढीचं हे भारतीय रूप. दिसायला अगदी खोका. वाहन-पत्रकारांनी नाकं मुरडली. पण गाडी बंद पडायची नाही, आवाज कमी, आणि बसायला सुमोपेक्षा कितीतरी मऊ. टॅक्सीवाल्यांनी आणि कंपन्यांच्या कॅबवाल्यांनी ती डोक्यावर घेतली.

पुढच्या पाच वर्षांत सगळंच बदललं. २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ आली. पवन गोएंका यांच्या देखरेखीखाली ती इथेच विकसित झाली होती, आणि इंजिन होतं १०९ अश्वशक्तीचं टर्बो डिझेल. त्याच वर्षी मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण खुला झाला. हा योगायोग लक्षात ठेवा. सहा पदरी काँक्रीटवर सुमोची साठ अश्वशक्ती अचानक तोकडी वाटू लागली. रस्ता बदलला की गाडीकडून असलेल्या अपेक्षा बदलतात.

मग २००५. टोयोटाने चांगली खपणारी क्वालिस बंद केली. लोक म्हणाले, वेड लागलं का यांना? आणि तिच्या जागी इनोव्हा आणली. तिच्यात एक साधी गोष्ट होती : तिसऱ्या रांगेची सीट आडवी नव्हती, समोर तोंड करून होती. काही मॉडेलमध्ये मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या, ज्यांना आपण आज ‘कॅप्टन सीट’ म्हणतो. मागे एसीचे झोत.

आडव्या बाकड्यावर बसून घाट चढलेल्यांना विचारा, समोर तोंड असण्याचं मोल ते सांगतील. उलट्या कमी होतात, इथपासून सुरुवात आहे. आणि सुरक्षेचं म्हणाल, तर जोरात ब्रेक लागल्यावर आडवा बसलेला माणूस सरळ कडेला फेकला जातो. धरायला फार तर एक दांडी.

पण या आरामाची किंमत कशात मोजली गेली? माणसांत! दहाची गाडी सात-आठची झाली. दोन-तीन माणसं यादीतून गळाली. कुणाचंतरी वाक्य आलंच असेल : "तुम्ही एसटीने या, आम्ही स्टँडवर घ्यायला येतो."

भाव सुटले, हिशेब फिरला

जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलच्या भावावरचं नियंत्रण काढलं. डिझेलचं मात्र ठेवलं. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल साधारण ७३ रुपये आणि डिझेल साधारण ४१ रुपये लिटर होतं. तब्बल ३२ रुपयांचा फरक! अशा वेळी पेट्रोलची मोठी गाडी घेणारा माणूस एकतर फार श्रीमंत किंवा गणितात कच्चा. २०११ मध्ये चाकणला बनलेली महिंद्राची एक्सयूव्ही ५०० आली, तिच्यामागे लोक रांगा लावून होते. डिझेल, १४० अश्वशक्ती, सात सीट. अ‍ॅव्हरेजही आणि थाटही. लोकांना वाटलं, वाद मिटला.

पण तो आराम अर्धा सरकारी तिजोरीतून येत होता. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला पन्नासेक पैशांनी वाढवायला परवानगी मिळाली, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भावही मोकळा झाला. दोन इंधनांतली दरी भरत गेली.

मग डिसेंबर २०१५. दिल्लीची हवा इतकी बिघडली, की सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरात २००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांची नवी नोंदणी थांबवली. महिंद्राने १.९९ लिटरचं इंजिन बनवून वाट काढली. टोयोटाने इनोव्हा क्रिस्टाची पेट्रोल आवृत्ती आणली. ऑगस्ट २०१६ मध्ये १ टक्का हरित उपकर लावून बंदी उठली, पण संदेश पोचायचा तो पोचला : डिझेलचा धूरही हिशेबात धरावा लागेल. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. धूर गाळणारी महागडी यंत्रणा डिझेल गाडीत सक्तीची झाल्यासारखीच झाली, आणि मारुतीने तर डिझेलच सोडलं.

गाड्यांचा आकारसुद्धा सरकारच्या हिशेबाने ठरत होता. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा लहान आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करसवलत मिळाली. त्यामुळेच २०१६ मध्ये बोलेरोचं नाक आखूड करून, दीड लिटरचं इंजिन बसवून ‘पॉवर प्लस’ आली. म्हणजे तुमच्या तिसऱ्या रांगेत गुडघे का अडकतात, याचं उत्तर कधी कधी कर-कायद्यात सापडतं!

डिसेंबर २०२२ मध्ये इनोव्हा हायक्रॉसच्या किमती जाहीर झाल्या. ‘इनोव्हा’ नाव, पण डिझेल नाही. पेट्रोलसोबत विजेची मोटर, आणि कंपनीचा दावा लिटरला २३ किलोमीटरच्या वर. गंमत म्हणजे काही महिन्यांतच डिझेल क्रिस्टाही परत विकायला आली. जुनं गिऱ्हाईक हटायला तयार नव्हतं.

आता खरा हिशेब

आता कागद-पेन घ्या, नाहीतर मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडा. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा बरोबर आहे.

जुनी जीप-सुमो : लिटरला १० किलोमीटर, माणसं १०. म्हणजे एका लिटरमध्ये १०० ‘माणूस-किलोमीटर’.
इनोव्हा : लिटरला १२, माणसं ७. झाले ८४.
आजची चकाचक सात-सीटर : लिटरला १६ धरू. पण रोज ऑफिसला जाताना आत माणसं किती? एक किंवा दोन. दोन धरले तर ३२.
आणि एसटी? लिटरला फक्त ४ धरू, पण माणसं ४०. झाले १६०. लाल परीला नमस्कार करा.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे : गेल्या तीस वर्षांत गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढत गेलं आणि माणसामागचं अ‍ॅव्हरेज घटत गेलं. इंजिन हुशार झालं, पण आराम आपण मिळवला तो माणसं कमी करून. म्हणून ‘किती देते?’च्या आधी विचारायचा प्रश्न आहे, ‘किती जण बसणार, आणि वर्षातून किती दिवस?’

घरी कॅलेंडर काढा आणि मोजा. सहा-सात जण एकत्र निघाले असे मागच्या वर्षात किती दिवस होते? उत्तर आठ-दहा दिवस असेल, तर त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी आणि रोजसाठी लहान गाडी हा हिशेब करून बघायलाच हवा. उत्तर पन्नास-साठ असेल, घरात आजी-आजोबा असतील, गावाकडे महिन्याला फेरी असेल, तर मोठी गाडी हा थाट नाही, गरज आहे. अपराधी वाटून घेऊ नका.

मग इंधन. समजा पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये. वर्षाचं रनिंग १२ हजार किलोमीटर. डिझेल गाडी १३ देते, तर वर्षाचे साधारण ८३ हजार. तेवढीच मोठी पेट्रोल ऑटोमॅटिक शहरात ९ देते, तर १ लाख ३९ हजार. फरक ५६ हजारांच्या आसपास. डिझेल गाडी दीड लाखाने महाग असेल, तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. पण रनिंग ६ हजारच असेल, तर तेच वसूल व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. शिवाय रोजचं जाणं-येणं तीन-चार किलोमीटरचंच असेल, तर डिझेलची धूर-गाळणी पुरेशी तापत नाही आणि तुंबायला लागते. अशांनी डिझेलच्या नादी लागू नये. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हायब्रिड चमकते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते.

मोकळ्या रस्त्यावर मात्र पायावर ताबा हवा. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० नेच गेलं पाहिजे असं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. आणि मोठी, उंच, चौकोनी गाडी म्हणजे हवेच्या दृष्टीने चालती भिंत. टपावर बॅगा बांधल्या तर विचारूच नका. म्हणजे कंपनीचं अ‍ॅव्हरेज काहीही असो, अर्धं अ‍ॅव्हरेज तुमच्या उजव्या पायात आहे.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. टेस्ट ड्राइव्हला गेलात की सगळे पुढच्या सीटसाठी भांडतात. स्क्रीन केवढी, सनरूफ उघडतं का, वगैरे. तुम्ही तिसऱ्या रांगेत जाऊन बसा. वीस मिनिटं बसा, गाडी चालू असताना. गुडघे छातीला लागतात का? एसीचा झोत पोचतो का? डोक्यामागे काच किती जवळ आहे? तिसरी रांग उघडी ठेवून डिकीत दोन बॅगा तरी मावतात का? आणि आजीला सोबत घेऊन जा. ती मधल्या सीटवर कशी चढते ते बघा. पायरी उंच असेल तर ती "मला काही नको, तुम्ही जाऊन या" असं म्हणेल, आणि तुम्हाला वाटेल तिला प्रवासाची आवड नाही.

कारण घरातला नियम आपल्या सगळ्यांना माहीत आहे. डिझेलचे पैसे जो देतो, तो पुढे बसतो. स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्याला आराम मिळतोच. मागच्या रांगेत बसतात लहान मुलं, सडपातळ मावशी आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही ते. मोठ्या गाडीचा इतिहास जाहिरातींमध्ये पुढच्या काचेतून दाखवतात. मागच्या सीटवरून बघितला, तर कळतं की प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी थोडं सरकून बसलंय, म्हणून गाडी परवडली आहे.

तर मंडळी, गाडी निवडताना त्या सरकून बसणाऱ्या माणसाला आधी विचारा. मग पंपाचा हिशेब करा.

तुमच्या घरातल्या पहिल्या मोठ्या गाडीत तुमची जागा कोणती होती, ते आम्हाला व्हॉइस नोटवर सांगा. आणि हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका, म्हणजे आज रात्रीच्या जेवणाला भांडायला निदान नवा मुद्दा मिळेल. भेटू पुढच्या भागात.